गव्हाणीतला हिशेब : लेखांक ५
वाढ्यांनी पोट भरतं, पण…

ऊसतोड सुरू झाली की कोरेगावात वैरणीची चिंता मिटल्यासारखी वाटते. धोमच्या कालव्याखालचे फड तुटू लागतात आणि सायकलीवर, दुचाकीवर वाढ्यांचे भारे गोठ्याकडे निघतात. गाय मिटक्या मारत खाते, पोट टम्म दिसतं. डेअरीच्या काट्यावर मात्र दूध तेवढंच. कधी कमीच.

मागच्या लेखांकात आपण पाहिलं की चारा ओल्या वजनावर मोजला तर फसगत होते. पाणी वजा जाता जे उरतं, त्याला शुष्क पदार्थ म्हणतात आणि गाय जगते ती त्यावर. वाढ्यांत तो जेमतेम ३० टक्के, आणि त्यातली प्रथिनं ५-६ टक्के. चारशे किलो वजनाच्या, दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला १२ किलोच्या आसपास शुष्क पदार्थ आणि त्यातून साधारण १.४ किलो प्रथिनं लागतात. २५ किलो वाढे टाकले तर साडेसात किलो शुष्क पदार्थ मिळाला, पण प्रथिनं चारशे ग्रॅमच. उरलेलं किलोभर आणायचं कुठून?

पाच किलो हिरवा लसूण घास घाला. त्यातलं चार किलो पाणीच, पण उरलेल्या किलोत दोनशे ग्रॅम प्रथिनं असतात. वर २० टक्के प्रथिनांची गोळी पेंड चार किलो, म्हणजे आठशे ग्रॅम. हिशेब जुळला, शुष्क पदार्थाचाही. घास नसेल तर सरकी पेंड आहे. शेंगदाण्याची पेंड प्रथिनांत तिच्या जवळपास दुप्पट, पण दर बघूनच हात आखडतो. अझोलाचं कौतुक बरंच ऐकू येतं. वाळवून मोजला तर त्यात २०-२५ टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण ताज्या अझोल्यात ९३-९५ टक्के पाणी. दोन किलो घातला तरी पदरात पडतात पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढ्यासाठी रोज हौद ढवळायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वाढ्यांची दुसरी खोड जास्त वाईट. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि ते गाईच्या रक्तात पोचतच नाही. लिटरभर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. चाऱ्यातून मिळालं नाही की गाय ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. महिनोन्महिने निव्वळ वाढ्यांवर ठेवलेली गाय झिजते, वेळेवर माजावर येत नाही. म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी रीत सोडू नये. खनिज मिश्रणही रोज ५० ते १०० ग्रॅम हवंच.

तालुक्याच्या उत्तरेला, देऊर-पिंपोड्याच्या बाजूला, गणित निराळं आहे. तिथं शाळूचा कडबा. नव्वद टक्के कोरडा, पण प्रथिनं तीन-चार टक्के. खिलार बैल बसून असेल तर त्याचं भागतं, दुभत्या गाईचं नाही. तरीही वाढ्यांबरोबर पाच-सहा पेंढ्यांची कुट्टी मिसळली तर गाय रवंथ नीट करते आणि फॅटही सावरतं. याच पट्ट्यात भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा होतो. मळणीनंतरचं त्याचं भुसकट बरेच जण बांधावर कुजवतात. ते द्विदल पिकाचं आहे; प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कडब्यापेक्षा जास्त. वाढे घालणाऱ्या गोठ्यानं ते मागून आणावं असं आहे. फक्त बुरशी धरलेलं नको, आणि खाली पडलेले कच्चे घेवड्याचे दाणे चाळून काढावेत, ते जनावराला बाधतात.

गव्हाचं काड असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली तीन आठवडे झाका. प्रथिनांचा आकडा दुपटीच्या घरात जातो. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास उडून गेल्याशिवाय गव्हाणीत टाकू नका आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात देऊ नका. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका. ते जनावराच्या तोंडी लागलं तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही.

(पुढील आठवड्यात : मक्याचा मुरघास)