चिनी गुलाब : थोड्या पाण्याचे फूल

आपण ज्यास चिनी गुलाब म्हणतो, ते फूल ना चीनचे, ना गुलाबाच्या कुळातले. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, अर्जेंटिना ही त्याची मायभूमी. आपल्या घोळाच्या भाजीचे ते भावंड. मांसल पानांत ते पाणी साठवते. म्हणूनच अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यातील अंगणास ते शोभते.

बोटभर फांदी खुडून, खालची पाने काढून मातीत खोचावी. एक-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून तीत निम्मी वाळू मिसळावी. कुंडी असो वा जुना डबा, तळाशी छिद्र हवेच. रोज किमान ६ तास ऊन मिळावे. सावलीत फुले नीट उमलत नाहीत. माती सुकल्यावरच पाणी द्यावे. खत बेताचेच, अधिक झाल्यास पाला वाढतो, फुले घटतात. बहर ओसरल्यास शेंडे खुडावेत. त्यांचीच नवी रोपे होतात.

सकाळी नऊ-दहाला उमलून दुपारनंतर मिटणाऱ्या या फुलास लोक ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात. प्रत्येक फूल एका दिवसाचे. पण दुसऱ्या दिवशी नवी कळी तयार असते.

सुटीला घरी जाताना प्रत्येक विद्यार्थ्याने याची एक फांदी न्यावी. ज्याच्या घरास अंगण नाही, त्याच्याही दाराशी ऊन येतेच.