पाणी आलं, पण कुठून?

समजा, जूनमधली संध्याकाळ आहे. वणीतल्या घरी बसून एक पोरगा बंगळुरूच्या ऑफिसशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. आभाळ भरून येतं, टिनावर टपटप सुरू होते, पलीकडचं काही ऐकू येईना म्हणून तो घाईघाईनं सांगतो, ‘सर, वॉटर इज कमिंग.’ साहेब समजूतदार. ‘ओके, गो, फिल युअर बकेट्स,’ म्हणतो आणि मीटिंग थांबवतो.

साहेबाचं काही चुकलं नाही. वणीच्या बाजूला, यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात, पावसाला पाणीच म्हणतात. ‘पाणी आलं का?’ या प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्याच्या हातात बादली आहे की छत्री, यावरून ठरतो. इंग्रजीत मात्र वॉटर हे नळाचं, विहिरीचं, निर्गुडा नदीचं. आभाळातून पडतं तोवर ते रेन, जमिनीवर साचलं की पुन्हा वॉटर. एवढं एक कळलं की वणीकराची निम्मी अडचण सुटते. उरलेली निम्मी अडचण शब्दांची नसून गैरसमजांची आहे.

त्यातला सर्वांत पक्का गैरसमज असा, की आपली बोलीच इंग्रजीच्या आड येते. शिकवणीला जाणाऱ्या पोरांना आधी ‘शुद्ध’ मराठी बोलायला सांगतात आणि मग त्यावरून इंग्रजीकडे नेतात. हा लांबचा वळसा आहे. ‘पाणी पडते’ आणि ‘पाणी पडून राह्यलं’ यांतला फरक वणीच्या शाळकरी पोरालाही न शिकवता कळतो. पहिलं नेहमीचं, दुसरं आत्ता, डोळ्यांदेखत चाललेलं. इंग्रजीत हेच ‘इट रेन्स’ आणि ‘इट इज रेनिंग’. प्रमाण मराठीत ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडतोय’ यांच्यामध्ये एवढासा ‘य’ असतो, तोही लिहिताना पुष्कळदा गळतो. आपल्याकडे त्या जागी ‘राह्यलं’ हे अख्खं क्रियापद उभं आहे. ज्याला इंग्रजीतला ‘आयएनजी’ कुठे लावायचा हे कळत नाही, त्यानं वाक्य मनात वऱ्हाडीत म्हणून बघावं. ‘राह्यलं’ आलं तर लावायचा. सगळीकडे नाही, पण पाऊसपाण्याच्या बोलण्यात हा ठोकताळा क्वचितच फसतो.

बोली फसवते ती ‘पासून’वर, आणि तिथे पुणेकरही सुटत नाही. ‘सोमवारपासून पाणी पडून राह्यलं’ आणि ‘तीन दिवसांपासून पाणी पडून राह्यलं’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत त्याच्या जागी दोन शब्द आहेत. जिथून सुरुवात झाली तो क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. किती काळ झाला ते मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री डेज. ‘सिन्स थ्री डेज’ ही चूक भारतभर चालते, इतकी की ती चूक आहे हे सांगणाराच चुकीचा वाटतो. शिवाय ‘पासून’ दिसला की साधं ‘इज रेनिंग’ पुरत नाही, ‘हॅज बीन रेनिंग’ म्हणावं लागतं. झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही, घरात ओल्या कपड्यांचा वास भरला, की ‘इट्स बीन रेनिंग फॉर फोर डेज’. ‘झड’ या दोन अक्षरी शब्दाला इंग्रजीत इतकं लांब वाक्य लागतं. ‘वेट स्पेल’ असा शब्द आहे खरा, पण झडीची चिकचिक त्यात उतरत नाही.

मग प्रश्न येतो की या वाक्यातला ‘इट’ म्हणजे कोण? कोण पडतं? पोरं विचारतात, आणि ‘तसा नियमच आहे’ या उत्तरावर बोळवण होते. खरं म्हणजे कोणीच नाही. मराठीत ‘उकडतंय’, ‘गडगडलं’, ‘उजाडलं’, ‘अंधारून आलं’ ही वाक्यं कर्त्याशिवाय पूर्ण होतात. कोण उजाडलं असं आपण विचारत नाही. इंग्रजी वाक्यात कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची सोय नाही, म्हणून तिथे ‘इट’ नावाचं बुजगावणं बसवतात. ‘टुडे व्हेरी हॉट’ म्हटलं तर पाठीमागे रिकामी खुर्ची दिसते. ‘इट्स व्हेरी हॉट टुडे’ म्हटलं की बुजगावणं बसलं.

आता ते कुत्र्यामांजरांचं. मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणायचं, हे आपल्या पुस्तकांनी तीन पिढ्यांच्या डोक्यात भरवलं. इंग्रज माणूस रोज असं बोलतो, अशी आपली समजूत. रोजच्या बोलण्यात तो ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका पुस्तकात हा वाक्प्रचार येतो, आणि ते पुस्तक मुळात उच्चभ्रूंच्या गुळगुळीत, पाठ केलेल्या संभाषणाची टर उडवण्यासाठी लिहिलेलं आहे. जे पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच चेष्टेचा विषय होतं, ते आपण निबंधात मार्क मिळवायला वापरतो.

‘हवामान’ या एका शब्दातून निघणारे घोळही बरेच. आजचं, उद्याचं, या आठवड्याचं ते वेदर. वर्षानुवर्षांची सरासरी चाल ती क्लायमेट. ही सरासरी काढायला हवामानशास्त्रवाले बहुधा तीस वर्षांच्या नोंदी धरतात. त्यामुळे ‘टुडे क्लायमेट इज गुड’ म्हणणं म्हणजे आज एका दिवसात तीस वर्षं सुधारल्यासारखं झालं. आपल्या ‘वातावरणा’चं भाषांतर ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ करू नये. ‘वातावरण झालंय’ म्हणजे ‘इट्स क्लाउडी’ किंवा ‘इट लुक्स लाइक रेन’. आणि वेदर मोजता येत नाही, म्हणून ‘व्हॉट अ नाइस वेदर’मधला ‘अ’ काढून टाकायचा.

उकाड्याकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण वणीत दोन प्रकारचं गरम असतं आणि पुस्तकात एकच ‘हॉट’ असतं. मे महिन्यातलं ऊन कोरडं. पारा पंचेचाळीसला टेकतो, शेजारच्या चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत वारंवार झळकतं, पण अंगावरचा घाम जागच्या जागी सुकतो. याला ‘ड्राय हीट’. जुलैमध्ये पारा दहा-बारा अंशांनी उतरतो, तरी माणूस जास्त वैतागतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं आणि घाम सुकत नाही. हे ‘ह्युमिड’, बोलताना ‘मगी’ किंवा ‘स्टिकी’. आपला कूलर हा फरक रोज सिद्ध करून दाखवतो. त्याच्या ताट्यांवरचं पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात ते झरझर उडतं आणि खोली गार होते. जुलैत पाणी उडतच नाही, मग तोच कूलर खोलीत आणखी ओल सोडतो. ‘कूलर बिघडला’ म्हणून मेकॅनिकला बोलावतात, बिघडलेली असते हवा.

गंमत अशी, की ‘उकडतंय’ आणि इंग्रजी ‘इट्स बॉइलिंग’ हे शब्दशः जुळे भाऊ. दोघेही चुलीवरून उठून आलेले. पण स्वभाव वेगळे. इंग्रजी बॉइलिंग म्हणजे नुसतं फार गरम, मग कोरडं असो की दमट. आपलं उकडणं वाफेचं, वारा पडल्याचं, झाकण लावलेल्या भांड्यातलं. म्हणून ‘उकडतंय’ला ‘मगी’ जवळचा.

याच्या शेजारीच ‘मॉइश्चर’ बसतो. तो शब्द इथल्या कापूसवाल्याला शिकवावा लागत नाही. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की दर उतरतो आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत फिरते. ‘मॉइश्चर किती निघालं?’ हा प्रश्न गाडीवरचा निरक्षर माणूसही विचारतो. फक्त हा ओलावा कापसातला, मातीतला, भिंतीतला. हवेतल्या ओलाव्याला इंग्रजीत ह्युमिडिटी.

चांगली हवा म्हणजे ऊन आणि वाईट हवा म्हणजे पाऊस, हे इंग्रजी पुस्तकांनी गृहीत धरलंय. ‘इट्स अ लव्हली सनी डे’ हे वाक्य लंडनला मार्च महिन्यात खरं. वणीत १५ मे रोजी ते म्हणणाऱ्याकडे लोक ऊन लागल्यासारखे बघतील. भाषा त्यांची असली तरी आभाळ आपलं आहे. मृगाची वाट पाहून डोळे शिणलेल्या माणसानं ‘अ‍ॅट लास्ट, इट्स रेनिंग’ म्हणावं, ‘इट्स लव्हली अँड क्लाउडी टुडे’ म्हणावं. व्याकरण बिनचूक आहे आणि समोरच्या इंग्रजालाही आपल्या मुलखाची खबर मिळते. ‘ऑक्टोबर हीट’ म्हणताना मात्र सावध. तो शब्द भारतातच जन्मला, बाहेरच्याला ऑक्टोबर आणि हीट ही जोडी उलगडून सांगावी लागते. ‘मान्सून’ निदान निम्मा आपल्या ओळखीचा आहे. अरबी ‘मौसिम’ पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला, आणि तोच आपल्याकडे ‘मोसम’ होऊन राहिला. पण मान्सून ‘पडत’ नाही. तो येतो, रेंगाळतो, परततो. पडतो तो पाऊस.

इंग्रजांना बोलायला दुसरं काही नसतं म्हणून ते हवेवर बोलतात, असंही आपण हसत म्हणतो. दोन इंग्रज भेटले की पहिला विषय हवेचा, हे सॅम्युअल जॉन्सननं १७५८ मध्येच लिहून ठेवलं. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ च्या आपल्या पुस्तकात त्यामागचं कारण मांडलं. हे बोलणं हवेबद्दल नसतंच, ती ओळख काढण्याची रीत असते, आणि तिचा एक पक्का नियम म्हणजे दुजोरा द्यायचा. ‘कोल्ड, इझंट इट?’ला ‘नाही, काल जास्त होती’ हे उत्तर खरं असलं तरी उद्धट. आता वणीच्या बसस्टँडवर ऐका. ‘काय ऊन तापून राह्यलं बाप्पा!’ ‘हो ना जी, अंगाची लाही होऊन राह्यली.’ दोघांपैकी कोणालाही माहिती हवी नव्हती. आपण त्याला ‘हवापाण्याच्या गप्पा’ म्हणतो, म्हणजे नियम आपल्यालाही पाठ आहे. इंग्रजीत बोलायची वेळ आली की आपण परीक्षेला बसल्यासारखे अंश आणि टक्के सांगू लागतो, एवढंच.

काही छोट्या चुका पटकन. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. थंडी वाजत असेल तर ‘आय अ‍ॅम कोल्ड’. वीज पडली तर ‘लाइटनिंग स्ट्रक’, गडगडाट तेवढा थंडर, आणि लाईट गेली तर ‘द पॉवर इज आउट’. तिन्ही एकाच पंधरा मिनिटांत घडतात, म्हणून गोंधळ. गारांना ‘आइस फॉलिंग’ किंवा ‘स्नो’ म्हणू नये, त्या ‘हेल’. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यातलं उभं पीक झोडपून काढलं ते हेलस्टॉर्मनं. ऊन लागलं तर ‘सन टच्ड मी’ नाही, ‘हीटस्ट्रोक’. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याला मात्र इंग्रजीत वेगळा शब्द नाही.

अंदाज वाचताना होणारी गफलत सर्वांत महाग पडते, आणि ती मराठीतही होते. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ वाचून पुष्कळ जण ‘तुरळक पाऊस’ एवढंच घेतात आणि फवारणी काढतात. मूळ इंग्रजीत ‘हेवी रेन अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असतं. ‘आयसोलेटेड’ जागांबद्दल आहे, त्या भागातल्या फार तर पाव ठाण्यांवर. ‘हेवी’ पावसाबद्दल आहे, चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. थोड्या जागी, पण पडेल तिथे धो धो. उलट दिशेचा घोळ ‘अतिवृष्टी’चा. महसूल मंडळात ६५ मिलिमीटरची ओळ ओलांडली की सरकारी कागदावर ती अतिवृष्टी. ‘अति’ आहे म्हणून कोणी इंग्रजी अर्जात ‘एक्स्ट्रीमली हेवी’ लिहिलं, तर हवामान खात्याच्या भाषेत तो २०४.५ मिलिमीटर किंवा वरचा पाऊस होतो. तिप्पट पाऊस कागदावरच पडतो. मोबाइलवरचं ‘४० पर्सेंट’ हे ना दिवसाच्या चाळीस टक्के वेळेचं, ना तालुक्याच्या चाळीस टक्के भागाचं. तुम्ही उभे आहात तिथे त्या वेळात पाऊस पडण्याची ती शक्यता आहे.

शेवटी व्हिडिओ कॉलवरची आजी. नातू न्यू जर्सीत, डिसेंबर महिना, तो सांगतो ‘इट्स थर्टी आउटसाइड’. आजी इकडे तीस अंशांतल्या गुलाबी दुपारी अंगणात तूर निवडते आहे. तिला प्रश्न पडतो की मग पोरानं टोपी, मफलर, एवढा जाड कोट कशाला घातला. तिकडचे तीस फॅरनहाइटचे, म्हणजे आपले उणे एक. घरी करता येईल असा हिशेब आहे: त्यांच्या आकड्यातून तीस वजा करा आणि निम्मं करा. तीसचा शून्य येतो, जवळपास बरोबर. पन्नासचे दहा, अगदी तंतोतंत. मे महिन्यात आजीनं उलट बाजूनं नातवाला वणीचं ऊन सांगावं, तर ते ‘वन फिफ्टीन’ होतं. नातू तीस वजा करतो, निम्मं करतो, साडेबेचाळीस काढतो आणि म्हणतो, ‘एवढं काय त्यात.’ खरा आकडा ४६ च्या वर असतो.