तालुक्याचे गाव : सोयी, गैरसोयी आणि दर्जा

• पसारा : महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके. बहुतेक ठिकाणी तालुक्याचे गाव म्हणजे तहसील कचेरी, पंचायत समिती, एसटी स्टँड आणि आठवडा बाजार.

• नगरपंचायत : १० ते २५ हजार वस्तीचे, खेड्यातून शहराकडे सरकणारे गाव. त्यापुढे नगरपरिषद : ४० हजारांपर्यंत ‘क’ वर्ग, १ लाखापर्यंत ‘ब’, त्यावर ‘अ’. कायदा १९६५ चा.

• जनगणना शहर : कारभार ग्रामपंचायतीचा, नोंद मात्र शहरी. २०११ चे निकष : किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर.

• दर्जा बदलला की : सरपंच जाऊन नगराध्यक्ष येतो. ग्रामसभा संपते. जिल्हा परिषदेला मतदान नाही. ग्रामीण रोजगार हमीची कामे थांबतात. घरकुलाचा अर्ज शहरी योजनेत.

• जमेला : सातबारा, फेरफार, दस्तनोंदणी एकाच चकरेत, तीही पायी (साहेब जागेवर असले तर). बाजारात पहाटे उपटलेली मेथी, पारावर मांडलेली. किराणा उधारीच्या वहीवर.

• खोट : ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे. अँजिओप्लास्टीसाठी जिल्हा किंवा महानगर. बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकलसाठी बहुधा बाहेरगावी खोली. शेवटची एसटी चुकली की वडाप.

• २०११ मध्ये राज्याची ४५.२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली. जनगणना शहरे त्यातच मोजलेली आहेत.