उसना दाब

होज फुटला की पोकलेनचा हात लुळा पडतो, हे सुरजागडच्या लोहखनिजावर किंवा दुर्गापूरच्या खुल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या मेकॅनिकला शिकवावे लागत नाही. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्रातही तेच. तिथे वाफेचे वॉल्व्ह तेलाच्या दाबाने उघडतात, दाब गेला की स्प्रिंग ते मिटवते. गॅस टर्बाइन पाहायची तर मात्र उरण गाठावे लागते, नाहीतर गुहागरजवळचे अंजनवेल. इंधन बदलले तरी वॉल्व्हचे दुखणे एकच.

गॅस टर्बाइनला इंधन देणारे वॉल्व्ह सहसा दोन. पहिला गॅसचा दाब वेगाच्या प्रमाणात राखतो आणि संकटात पुरवठा तोडतो. दुसरा किती गॅस जायचा ते ठरवतो. त्याच्या तोंडातून गॅस ध्वनीच्या वेगाने सुटेल अशी रचना असते, त्यामुळे पुढे ज्वलनकक्षात काय चालले आहे याचा प्रवाहावर परिणाम होत नाही. पहिल्या वॉल्व्हने दाब नेमका राखला की दांडा किती उघडला यावर गॅस ठरतो. म्हणूनच दांड्याची जागा चुकली की गॅसचा हिशेबही चुकला. कंट्रोल पॅनलवरचा ५० टक्के आणि दांड्याचा खरा ५० टक्के जुळवणे म्हणजे कॅलिब्रेशन, एवढेच. एवढेच म्हणायचे, पण दिवस जातो.

अडचण अशी की हे काम यंत्र थांबलेले असताना करायचे, आणि वॉल्व्ह हलवायला तेलाचा दाब लागतो. फ्रेम-५ किंवा फ्रेम-६ सारख्या जुन्या घडणीच्या गॅस टर्बाइनमध्ये मुख्य हायड्रॉलिक पंप टर्बाइनच्याच गिअरबॉक्सवर फिरतो. यंत्र थांबले की पंपही थांबला. मग विजेचा सहायक पंप लावावा लागतो. त्याला तेल वंगणाच्या लाइनमधून येते, म्हणून आधी वंगणाचा पंप सुरू हवा. नंतरच्या एफ वर्गाच्या मोठ्या यंत्रांत हायड्रॉलिक पंप विजेचेच असतात. तरी ओव्हरहॉलमध्ये तेलाची टाकी रिकामी झाली की त्यांचाही उपयोग नाही. अशा वेळी बाहेरून चाकांवरचा पॉवर पॅक आणतात: मोटर, पंप, रिलीफ वॉल्व्ह, फिल्टर, ॲक्युम्युलेटर. थांबलेल्या यंत्राला उसना दाब.

दाब साधारण १०० बारचा. तो मिळणे सोपे आहे, स्वच्छ तेल मिळणे कठीण. आज्ञेप्रमाणे तेल सोडून दांडा हलवणाऱ्या सर्वो वॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. पॉवर पॅकच्या होजमध्ये मागच्या साइटची धूळ राहिली असेल तर सर्वो अडकतो आणि दोष कॅलिब्रेशनवर जातो. माझ्या मते इथे सर्वाधिक वेळ तेल फ्लश करण्यात घालवावा, पण वेळापत्रक आखणाऱ्यांना ते पटत नाही.

दाब आला तरी वॉल्व्ह हलेलच असे नाही. ट्रिप ऑइलचा, म्हणजे संकटात यंत्र बंद करणाऱ्या वेगळ्या तेलाचा, दाब नसेल तर पहिला वॉल्व्ह सर्वोचे ऐकतच नाही. नवखा माणूस इथे तासभर वायरिंग तपासत बसतो. गॅस दोन ठिकाणी बंद करून मधला नळ हवेत मोकळा केलेला हवा, हे त्याहून आधीचे. मग ०, २५, ५०, ७५, १०० अशी आज्ञा द्यायची, स्ट्रोक डायल गेजने मोजायचा आणि दांड्याची जागा सांगणाऱ्या एलव्हीडीटी सेन्सरच्या व्होल्टेजशी ताडून पाहायचा. उघडताना एक आकडा, मिटताना दुसरा आला तर दांडा घासतो आहे किंवा जोड सैल आहे.

यंत्र गॅसअभावीही थांबते. उरणला ६७२ मेगावॅटच्या क्षमतेपुढे गॅस अपुरा पडत आला आहे. अंजनवेलच्या १९६७ मेगावॅटच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ नंतर रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा उभा राहिला. असे संच दीर्घकाळ बंद राहिले तर तेलातला चिकट थर सर्वोमध्ये बसतो, म्हणजे बंद यंत्रालाच या तपासणीची गरज जास्त. हल्ली काही यंत्रांवर हे वॉल्व्ह थेट विजेच्या मोटरने हलतात, तिथे तेलाचा हा खटाटोपच उरत नाही.

जिथे तो आहे तिथे शेवटी होज काढण्याआधी ॲक्युम्युलेटर रिकामा करतात. पंप बंद असला तरी त्या बाटलीत नायट्रोजनच्या जोरावर तेल दबा धरून बसलेले असते.