वाचलेलं पान जातं कुठं?

मैत्रिणींनो, साप्ताहिक हातात पडलं की आधी काय वाचता? आमच्या अहमदपुरात तरी पहिली उडी पाककृतींवर, मग विणकाम, मग राशिभविष्य. लोणच्याची कृती आवडली की पान कापून वहीत चिकटवायचं. कायद्यावरचा लेख मात्र "दुपारी वाचू" म्हणून राहतो आणि पुढं फडताळात कागद म्हणून अंथरला जातो!

लिहिणाऱ्यांनी काही कमी लिहिलेलं नाही. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघालं, विद्या बाळ यांचं 'मिळून साऱ्याजणी' १९८९ मध्ये. परवा मुलींच्या वारसाहक्कावरचा असाच एक लेख वाचला, आणि मला आमच्याकडची साडीचोळी आठवली.

तुम्हाला ठाऊकच आहे. वडील गेले, की काही दिवसांनी भाऊ म्हणतो, "ताई, तेवढी एक सही करून जा." ते असतं हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही-अंगठा होतो, वहिनी साडीचोळी करते, बहीण एसटीनं सासरी परतते. कागद वाचायला मागितला तर माहेर तुटेल, ही धास्ती!

हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडता येत नाही.

भावाशी भांडा, असं मी म्हणत नाही. सोयाबीन-तुरीची दोन एकर आणि तीन भाऊ, अशा घरात बहिणीला आपणहून सोडावंसं वाटतं. जरूर सोडा, पण वारस म्हणून नाव लागणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं, एवढं ध्यानात असू द्या. नोंदणी झाल्यावर मन बदललं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि हो, नवऱ्यानं मागं लावलं म्हणून वाटा मागणंही मला पटत नाही. वाटा तुमचा, त्याचा नव्हे.

सहीचं बोलावणं आलं, तर कागदाची झेरॉक्स आदल्या दिवशीच मागवून घ्या. गट नंबर, क्षेत्र आणि हक्क कुणाच्या नावे सोडताय, या तीन जागा स्वतः वाचा.