नोटेवरची सही कोणाची आणि कोणासाठी?

लासलगावच्या बाजार आवारात दिवसभर कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाच्या हातात संध्याकाळी मजुरीची नोट पडते. त्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि धारकाला तितके रुपये देण्याचे वचन छापलेले असते. हे वचन देणारा माणूस कोण निवडतो, कसा निवडतो, याची चर्चा आपल्या वस्तीत होत नाही. ती व्हायला हवी, असे आम्हाला वाटते. कारण रुपयाचा प्रश्न आपल्याला परका नाही.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला लासलगावच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. येवल्याची सभा आपल्या घराघरात पोचली; पण रुपयावरचे बाबासाहेब अजून पोचायचे आहेत. बँक त्यांनीच स्थापन केली, असे आपल्या व्यासपीठांवरून ठासून सांगितले जाते. इतिहासात जे नोंदलेले आहे, तेही काही कमी नाही. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२६ साली याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. आयोगाने बाबासाहेबांची चलनाची योजना जशीच्या तशी स्वीकारली नाही, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बाबासाहेबांचे म्हणणे काय होते? रुपयाची खरी किंमत म्हणजे त्या रुपयात किती धान्य, किती कापड येते ती. चलन मन मानेल तसे वाढवण्याची मुभा राज्यकर्त्यांना असू नये. कारण भाव वाढतात तेव्हा व्यापारी नफा कमावतो आणि मजुराची मजुरी मागे पडते. शंभर वर्षांनंतरही हे खोटे ठरलेले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार गव्हर्नरची नेमणूक केंद्र सरकार करते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. पात्रता काय असावी, यावर कायद्यात एक ओळ नाही. त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकारही केंद्र सरकारचाच. कलम ७ नुसार गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार बँकेला निर्देश देऊ शकते. २०१८ साली या कलमावरून वाद पेटला, आणि त्या १० डिसेंबरला ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला. कारण त्यांनी वैयक्तिक सांगितले. दुसऱ्याच दिवशी नवे गव्हर्नर जाहीर झाले. संसदेत ना चर्चा, ना प्रश्नोत्तर.

याउलट महालेखापालाचे पद पाहा. जनतेच्या पैशाचा हिशेब तपासणाऱ्या या अधिकाऱ्याला घटना समितीत बाबासाहेबांनी अत्यंत महत्त्वाचे मानले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जसे सहजासहजी हटवता येत नाही, तसेच त्यालाही हटवता येत नाही. मग त्या पैशाची किंमत सांभाळणाऱ्याला असे संरक्षण का नसावे?

२०१६ पासून व्याजदर ठरवण्यासाठी सहा जणांची समिती आहे. महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखणे हे तिचे काम. पण पावसाने कांदा सडला तर व्याजदर वाढवून तो स्वस्त होत नाही. मग सरकार वेगळे हत्यार काढते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. दोन्ही वेळा लासलगावात लिलाव बंद पडले. शेतकऱ्याचे नुकसान वर्तमानपत्रांत आले, ते यायलाच हवे होते. पण लिलाव बंद म्हणजे हमालाचा रोज बंद, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईचा रोज बंद. ज्यांना स्वतःची जमीन नाही, त्यांना महागाईतही मार आणि महागाई रोखण्याच्या उपायातही मार!

गव्हर्नरच्या खुर्चीवर आपला माणूस कधी बसणार, असे चळवळीतले तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या कुटुंबातले डॉ. नरेंद्र जाधव याच बँकेत प्रमुख अर्थतज्ज्ञाच्या पदापर्यंत पोचले. म्हणजे गुणवत्तेची उणीव नाही. परंतु निवड बंद दाराआड होत असेल, तर कोणाला का निवडले आणि कोणाला का डावलले, हे विचारायचे तरी कोणाला?

म्हणून आमची मागणी साधी आहे. गव्हर्नरपदाची पात्रता कायद्यात लिहा. निवडलेल्या व्यक्तीला नेमणुकीपूर्वी संसदीय समितीपुढे उभे करा. मजुराच्या रुपयाचे तुम्ही काय करणार, हे तिला तिथे जाहीरपणे विचारा. मुदत पक्की करा आणि हटवण्याची कारणे लेखी द्यायला लावा. नोटेवरचे वचन लासलगावच्या हमालालाही दिलेले आहे. ते देणारा कसा निवडला, हे विचारण्याचा हक्क त्यालाही आहे.