जुम्म्याच्या सकाळी बायकांचा वाटा किती?

शुक्रवारी सकाळी सहा वाजल्यापासून माझा फोन टुणटुण वाजायला लागतो. गुलाबाची फुलं, मक्केतला काबा, मदिनेचा हिरवा घुमट आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘जुम्मा मुबारक’. दहा वाजेपर्यंत चाळीसेक चित्रं गोळा झालेली असतात. पाठवणाऱ्यांत फक्त नात्यातल्याच बायका असतात असं नाही, बचत गटातल्या शेजारणीही आठवणीने पाठवतात. काही मौलाना म्हणतात, की शुक्रवारी अशा शुभेच्छा देण्याची चाल पैगंबरांच्या काळात नव्हती, तिला धर्माचा भाग मानू नका. त्यांचं बरोबर असेलही. पण कुणी चांगल्या मनाने चार शब्द पाठवले तर मला त्यात वावगं वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. एवढी चित्रं पुढे ढकलणाऱ्या बायकांना, ‘बाई गं, जुम्म्याच्या दिवशी तुझ्या वाट्याला नक्की काय येतं?’ असं विचारलं तर बहुतेकींचं उत्तर असतं, ‘काम!’

खरं तर आमचा शुक्रवार गुरुवारी संध्याकाळीच सुरू होतो. इस्लामी दिवस मावळतीला बदलतो, त्यामुळे जुमेरातचा सूर्य बुडाला की जुम्मा लागला. घरात लोबानाचा धूर फिरवायचा, ज्यांच्याकडे रीत आहे त्यांनी गेलेल्या माणसांच्या नावाने फातेहा द्यायचा, नवऱ्याचा आणि पोरांचा पांढरा झब्बा नीळ घालून, इस्त्री करून ठेवायचा, टोप्या शोधायच्या. (टोपी गुरुवारी रात्री नेमकी कुठे जाते, हे मला लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी कळलेलं नाही!) सकाळी फजरची नमाज. पैगंबर शुक्रवारी या नमाजेत कुरआनच्या ‘सजदा’ आणि ‘इन्सान’ या दोन सूरा म्हणत, असं हदीसमध्ये आलंय. मग नखं कापणं, आंघोळ, स्वच्छ कपडे, अत्तर. त्या दिवशी दरूद म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ जास्तीत जास्त म्हणावी आणि ‘सूरह कहफ’ वाचावी असं सांगितलंय. आंघोळ, अत्तर, दरूद, वाचन हे सगळं सगळ्यांसाठी. पण घरात पाण्याची बादली कुणाला आधी मिळते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या शेजारच्या काकू शुक्रवारी संतोषी मातेचा उपास धरतात आणि आंबट खात नाहीत. गूळ-चण्याचा प्रसाद मात्र आमच्याकडे न चुकता येतो. त्यांचीही सकाळ अशीच पळापळीत जाते. शुक्रवारच्या बाबतीत आमचं दोघींचं गाऱ्हाणं एकच आहे, देव निराळे असले तरी!

दुपारी एकच्या सुमाराला पुरुष मशिदीत जातात. ‘जुमा’ या शब्दातच एकत्र जमणं आहे. एरवीच्या जोहरच्या चार रकातींऐवजी त्या दिवशी दोन रकाती, आणि त्याआधी दोन भागांतला खुतबा. खुतबा अरबीत असतो, म्हणून त्याच्या आधी उर्दूत, काही ठिकाणी मराठीतही, बयान होतं. आठवड्यात काय घडलं, कसं वागावं, कुणाचा हक्क काय, हे त्या बयानात येतं. बाईवर जुम्म्याची नमाज फर्ज नाही, ती घरी जोहर पढते. ही खरं तर सवलत होती, कारण घरी तान्हं असतं, म्हातारं असतं. पण सवलतीचा हळूहळू दरवाजा झाला आणि दरवाज्याला कडी लागली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मशिदीत बायकांसाठी सोय नाही. नवरा परत आला की मी विचारते, ‘आज बयानात काय सांगितलं?’ उत्तर ठरलेलं, ‘अच्छा था.’ आणि ताटाकडे बघणं.

पैगंबरांच्या मदिनेत असं नव्हतं. अल्लाहच्या दासींना मशिदींपासून अडवू नका, अशा अर्थाचं त्यांचं वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. बाईने घरात नमाज पढणं जास्त चांगलं, असं सांगणारी वचनंही आहेत, आणि आपल्याकडे नेमकी तीच पुन्हा पुन्हा सांगितली जातात. पण मला आवडते ती उम्मे हिशाम नावाच्या बाईची आठवण. ती सांगते, ‘सूरह काफ’ मी पाठ केली ती पैगंबरांच्या तोंडून ऐकून, ते दर जुम्म्याला खुतब्यात ती म्हणत. पंचेचाळीस आयतींची सूरा ऐकून पाठ व्हायची तर बाई किती शुक्रवार तिथे बसली असेल!

आणखी एक आठवण बुखारीत आहे, ती तर आपल्या पानासाठीच आहे असं वाटतं. मदिनेत एक बाई होती, तिचं शेत होतं. पाटाच्या कडेने ती सिल्क नावाची, बिटाच्या जातीची भाजी लावायची. दर जुम्म्याला तिची मुळं उपटून हंडीत टाकायची, वरून मूठभर सातूचं पीठ भुरभुरायचं आणि शिजवायचं. नमाज झाली की लोक तिला सलाम करायला यायचे आणि ती सगळ्यांना वाढायची. त्या जेवणासाठी आम्ही शुक्रवारची वाट बघायचो, असं सहल नावाचे सहाबी सांगतात. मटण नव्हतं, म्हणून ती मुळंच मटणाच्या जागी! चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका गरीब हंडीची नोंद धर्माच्या ग्रंथात झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मशिदीत जाता यावं म्हणून पुण्यातलं एक दाम्पत्य २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० च्या जानेवारीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिथे प्रतिज्ञापत्र दिलं, की बायकांना नमाजसाठी मशिदीत यायला धर्माची मनाई नाही. म्हणजे कागदावर दार उघडंच आहे. आमच्याकडच्या हाजी-उमरा करून आलेल्या बायका तर हसतात. मक्का-मदिनेत आम्ही रांगेत उभं राहून जुमा पढलो आणि गावात आल्यावर परत घराचा कोपरा!

तर असं सगळं मनात असताना, काही वर्षांपूर्वी आम्ही आठ-दहा जणींनी शुक्रवारी सकाळी साडेनऊला बसायचं ठरवलं. पोरं शाळेत गेलेली, पुलावाचा तांदूळ भिजत घातलेला, एवढा एकच तास बायकांच्या हाती असतो. माझ्या ओसरीवर सतरंजी टाकायची, सूरह कहफ अरबीत वाचायची आणि मग तिचा थोडा थोडा भाग मराठीत. मराठीच का? कारण आमची गंमत अशी आहे, की आमच्यातल्या दोघी-तिघींना एस.टी.ची पाटी वाचता येत नाही, पण लहानपणी मकतबमध्ये गेल्यामुळे अरबी कुरआन घडाघडा वाचतात. बाकीच्या मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांना उर्दू वाचता येत नाही. मी बी.ए. मराठी, म्हणून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला कुरकुर झालीच. ‘अरबीचा सवाब मराठीत कुठून मिळणार?’ असं एका वडीलधाऱ्यांनी ऐकवलं. आम्ही म्हटलं, अरबी सोडतोय कुठे? पण कुरआनातच विचारलंय ना, की हे लोक यावर विचार करत नाहीत का? न समजता विचार कसा करायचा?

सूरह कहफ एकशे दहा आयतींची. गुहेत लपलेले तरुण आणि उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा, तीनशे नऊ वर्षांची त्यांची झोप. दोन बागांचा मालक, द्राक्षांच्या आणि भोवतीच्या खजुरांच्या जोरावर शेजाऱ्याला तोरा दाखवणारा. आपण येता-जाता ‘माशाअल्लाह’ म्हणतो, तो शब्द याच गोष्टीत आहे हे कळल्यावर बायका एकमेकींकडे बघायलाच लागल्या. जन्मभर म्हटलेला शब्द, आणि त्याची बाग आज दिसली!

पण समजणं नेहमी गोडच असतं असं नाही. या सूरेत मूसा पैगंबर आणि एका ज्ञानी माणसाची गोष्ट येते. परंपरा त्यांना खिज्र म्हणते. ते गरिबांच्या नावेला भोक पाडतात, कारण पुढे एक राजा धडधाकट नावा हिसकावून घेत असतो. ज्या गावाने घासभर अन्न दिलं नाही तिथली पडकी भिंत बांधून देतात, कारण तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा असतो. आणि या दोन्हींच्या मधे ते एका मुलाला मारतात. कारण सांगतात, की आई-बाप श्रद्धाळू होते, हा मोठा होऊन त्यांना छळेल अशी भीती होती, अल्लाह त्यांना त्याच्याहून चांगलं मूल देईल.

मी हे वाचलं आणि ओसरीवर एकदम शांत झालं. आमच्यातल्या एका भाभींचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून बारा वर्षं त्या एकही शुक्रवार न चुकवता कहफ वाचत आल्या होत्या, त्याच्याच नावाने. अर्थ त्यांनी पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, ‘इत्ते बरसां मैं येच पढती थी?’ मग थोड्या वेळाने, ‘मेरा बच्चा ऐसा नै था.’ आणि चप्पल घालून निघून गेल्या.

पुढचे चार शुक्रवार त्या आल्या नाहीत. आमच्यात सगळ्यात वयस्कर एक खाला आहेत, शाळेचं तोंड न बघितलेल्या. त्या काठी टेकत त्यांच्या घरी गेल्या, मीही बरोबर होते. खालांनी समजूत बिमजूत काही घातली नाही. चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘देख, मूसा नबी थे. वो बी चुप नै बैठे. वो बी पूछे, कायकू मारा करके. नबी पूछे तो तू कायकू नै पूछना?’ मी बी.ए. झालेली, चार पुस्तकं वाचलेली, मला हे सुचलं नव्हतं. आणि ती गोष्ट खिज्रांना जे सांगितलं होतं त्यापुरतीच आहे. रस्त्यावर गेलेल्या प्रत्येक पोराचा हिशेब त्यातून मांडायला कुणी सांगितलेलं नाही, हे पण खालांनीच सांगितलं.

भाभी आता येतात. अरबीतलं सगळं वाचतात. मराठीत तो भाग आला की चहा टाकायला आत जातात आणि भिंतीची गोष्ट सुरू झाली की बाहेर येतात. कुणी काही बोलत नाही. एकदा मी त्यांना विचारलं, कळलं ते बरं झालं की नसतं कळलं तर बरं होतं? म्हणाल्या, ‘अब वहां आवाज नै निकलती. पर अब मालूम तो है, कहां रोना आता.’ मला विचाराल तर माझं मत पक्कं आहे. ज्या शब्दांवर आपण जन्म काढतो ते आपल्याला माहीत असले पाहिजेत, दुखले तरी.

आणि दुआ? नमाज अरबीत, पण नमाजेनंतर हात पसरून काय मागायचं ते आपल्या भाषेत मागायला कुणाची आडकाठी नाही. शुक्रवारी एक अशी घटका असते की तेव्हा मागितलेलं मिळतं, असं पैगंबरांनी सांगितलं, आणि ती अगदी थोडी आहे हे हाताच्या खुणेने दाखवलं. ती कोणती यावर जाणत्यांत एकमत नाही. पुष्कळ जण म्हणतात, असरनंतर मावळतीच्या आधीची शेवटची. रत्नागिरीकडे दिलेली माझी नणंद मात्र सांगते, की आमच्याकडे ती घटका सकाळी असते. तिच्या गावात निम्म्या घरांतले पुरुष आखातात, तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी सकाळीच येतो. दुबईने २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस केला, तेव्हा तिच्या जावेच्या घटकेची वेळ सरकली! आम्ही साडेनऊच्या बैठकीतही शेवटी हात पसरतो आणि संध्याकाळी आपापल्या घरीही. मागणं मराठीत, दखनीत, जसं येईल तसं. सुनेचं बाळंतपण, लेकाची पोलीस भरती, नवऱ्याची दारू सुटणं. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यांच्यासाठीही मागितलं.

बयानाचं मात्र मनातून जात नव्हतं. मशिदीतल्या सोयीचा विषय काढला की जागा नाही, पैसा नाही, असंच ऐकू येतं. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही कमिटीकडे एक साधा अर्ज दिला, सह्या आणि अंगठे मिळून तेवीस. जागा होईल तेव्हा होईल, तोवर दर जुम्म्याचं बयान फोनवर रेकॉर्ड करून आमच्या ग्रुपवर टाका. मौलाना तरुण आहेत, त्यांनी लगेच होकार दिला. पहिलं बयान आलं, वीस मिनिटांचं. त्यात पंख्याची घरघरच जास्त ऐकू येते, तरी बायकांनी ते दोन-दोनदा ऐकलं. आम्ही उलट निरोप पाठवलाय. फोन जरा मिंबरजवळ ठेवा, आणि एखाद्या जुम्म्याला बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा किती, ते सूरह निसामध्ये काय लिहिलंय तेवढं सगळ्या पुरुषांसमोर सांगा. फोन जवळ ठेवतो, असं उत्तर आलंय. दुसऱ्या मागणीचं अजून काही आलेलं नाही.